वायर, व्हॉल्व्ह आणि खोली

उंची ध्वनिसंच बाळगणाऱ्या रसिकांमध्ये एक समज पक्का रुजला आहे. स्पीकरची वायर, पॉवर कॉर्ड, अॅम्प्लिफायर, फाइलचा दर्जा, यातली प्रत्येक गोष्ट आवाजावर ठसा उमटवते आणि कसलेल्या कानाला तो ठसा ओळखू येतो, असे ते मानतात. मोजमाप काहीही सांगो, कान खोटे बोलत नाहीत, हा त्यांचा हुकमी युक्तिवाद. संचासंचात फरक असतो, एवढा भाग यात खरा आहे. चूक होते ती फरकाचा पत्ता सांगताना.

आधी वायर घेऊ. घरातल्या प्लगसाठी वापरतात त्या अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. स्पीकर तीन मीटरवर असला तर जाऊन-येऊन सहा मीटर वायर लागते. तिचा रोध भरतो ०.०४२ ओहम. समोर स्पीकरचा रोध ८ ओहम. या हिशेबाने आवाजात होणारी घट डेसिबलच्या विसाव्या हिश्श्याएवढी येते. लाखाच्या वायरीने ती पार नाहीशी केली, तरी ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. वायर फार बारीक आणि फार लांब असेल तर मात्र फरक पडतो. त्यावर उपाय जाड वायर, महाग वायर नव्हे.

फाइलच्या दर्जाचा वाद अधिक गंभीरपणे तपासला गेला आहे. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने साठवतात, म्हणून तिचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा होतो, असे सांगितले जाते. नमुनाकरणाचा सिद्धांत याच्या उलट आहे. २० हजार हर्ट्झपर्यंतची लहर या नमुन्यांतून अखंड परत उभी राहते, आणि माणसाच्या ऐकण्याची सीमाही तीच. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवून श्रोत्यांना फरक विचारला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीतही तेवढीच आली असती. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांचे प्रमाण याहून बरे होते, हेही नोंदवलेच पाहिजे. फरक कदाचित आहे. पण पडदा बाजूला सारल्यासारखा म्हणून जो सांगितला जातो, तो हा नव्हे.

मग इतक्या प्रामाणिक माणसांना तो ऐकू का येतो? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना चार स्पीकर पडद्याआडून आणि उघड्यावर असे दोन्ही प्रकारे ऐकवले. नजरेसमोर आल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. हे श्रोते ध्वनिसंच बनवणाऱ्या कंपनीतलेच होते. डोळ्यांनी पाहिलेले कानांच्या अनुभवात मिसळते, त्यात कुणाची लबाडी नसते. म्हणूनच पडद्याआडच्या चाचणीला रसिकाचा अपमान समजणे चूक आहे. दोन्ही संचांचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणणे ही तिची पहिली अट, कारण किंचित मोठा आवाज सहसा अधिक सरस वाटतो.

व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरची गोष्ट निराळी आहे. तिथला गोडवा बहुधा खरोखरच ऐकू येतो. सिंगल-एंडेड रचनेचा अॅम्प्लिफायर मूळ स्वरात दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मिसळतो. षड्ज वाजला तर त्यात वरच्या सप्तकातला षड्ज येऊन बसतो, आणि आवाज भरदार वाटतो. ज्याला तो आवडतो त्याने तो जरूर ऐकावा. पण त्याला मुळाशी इमान म्हणता येत नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो तेव्हा कोणते स्वरांश किती उमलावेत हे तो आणि गायक मिळून ठरवतात. त्या ठरवण्यात अॅम्प्लिफायरने आपली भर घातली, तर ऐकू येतो तो तंबोरा मिरजेचा उरत नाही.

फरकाचा खरा पत्ता आहे स्पीकर आणि खोली. शहरातल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली घ्या. बारा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो. भिंतीलगत तो सर्वाधिक फुगतो, दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर खर्जातली प्रत्येक थाप लांबट आणि गढूळ होते. तोच सोफा दोन हात पुढे ओढला की थापेच्या कडा दिसू लागतात. एवढा बदल कोणत्याही वायरीने होत नाही. विट्रिफाइड टाइल्स, काचेच्या खिडक्या आणि उघड्या भिंती वरच्या स्वरांना टणक करतात. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट त्यांना आवरतात. खर्जाला मात्र गालिचा पुरत नाही. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते. तिच्यासाठी स्पीकरच्या आणि बैठकीच्या जागाच बदलाव्या लागतात.

रूप आणि आवाज यांना परस्परविरोधी मानणाराही एक पक्ष आहे: देखणे ते दिवाणखान्यासाठी, ओबडधोबड ते कानांसाठी. डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांनी १९५६ मध्ये ब्राउन कंपनीसाठी केलेला एसके ४ हा रेडिओ-रेकॉर्ड प्लेअर या मताला पुरेसे उत्तर आहे. त्याचे झाकण आधी पत्र्याचे योजले होते. आवाज वाढवला की ते थरथरे. म्हणून पारदर्शक अॅक्रिलिक आले, आणि पुढे तसले झाकण ही टर्नटेबलची ओळखच झाली. बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीतल्या चिंचोळ्या जागेत, जवळ बसून ऐकण्यासाठी घडवला गेला. त्याचा आकार तिथून आला, आणि खर्जाची मर्यादाही तिथूनच आली. मानवी आवाज तो आजही फार स्वच्छ देतो. मोठ्या हॉलमध्ये ठेवून त्याच्याकडे पखवाजाचा खर्ज मागणारा श्रोता त्याला ज्या कामासाठी नापास ठरवतो, ते काम त्याला कधी दिलेलेच नव्हते.