वासावर निकाल

कन्हानजवळ महामार्गावर दुचाकीस्वार पडतो. कामठीच्या उपजिल्हा रुग्णालयातून त्याला नागपूरला, मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात हलवतात. त्याला बोलता येत नाही. पण केसपेपरवर एक ओळ पडलेली असते : तोंडाला दारूचा वास. रक्त घेतले का? घेतले असेल तर किती वाजता? ते कागद सांगत नसेल, तर त्या ओळीला पुरावा कसे म्हणायचे?

दारूचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या. एवढ्यावरून माणूस प्यायला होता असे ठरत नाही, रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले. बच्चूभाई करयानी यांचा तो खटला महाराष्ट्रातलाच. पण २०२१ मध्ये, एका विमा प्रकरणात, त्याच न्यायालयाने तपासणी नसतानाही वास आणि इतर परिस्थिती ग्राह्य धरली. म्हणजे ही ओळ विमा कंपनीच्या कामाची आहे. सरकारी मदतीचेही तसेच : शेतकरी अपघातात गेला तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात, आणि नशेतला अपघात त्यातून वगळलेला आहे. घरच्यांनी उत्तर कशाच्या आधारावर द्यायचे? नमुनाच नाही.

त्याहून गंभीर गोष्ट उपचाराची. डोक्याला मार लागलेलाही अडखळतो, बरळतो, ओकतो. त्याला ‘पिऊन आलाय’ म्हणून कोपऱ्यात झोपवले, तर मेंदूतला रक्तस्राव कोण पाहणार?

रक्त घेणे अवघड नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे नियम स्पष्ट आहेत. त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, रक्त परिरक्षक घातलेल्या बाटलीत भरायचे. उपचारात बाधा येत असेल तर भरती रुग्णाचा नमुना नाकारण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा डॉक्टरलाच देतो. थांबायला मात्र वेळ नाही. चालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि तेवढ्याच रक्तातले तासाला साधारण १५ मिलिग्रॅम शरीर संपवते. कन्हानहून नागपूरच्या वॉर्डात पोचेपर्यंत खरा प्यालेलाही सुटू शकतो आणि न प्यालेल्याला आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही.

वास लिहिणाऱ्या डॉक्टरनेच तेव्हाच रक्त घ्यावे आणि वेळ टाकावी. घेता आले नसेल, तर का नाही, तेही त्याच ओळीखाली लिहून सही करावी.