आक्कांच्या गोळ्या

हसनाबादला आमच्या आक्का असतात. कर्करोग हाडांत उतरलेला. मॉर्फिनच्या साध्या गोळीने चारेक तास बरे वाटते, मग पुन्हा कळा. मध्येच दुखणे वाढले, गोळ्या वीस दिवसांतच संपत आल्या आणि डॉक्टरांची तारीख आठ दिवसांवर! आक्का गोळी अर्धी तोडून घेऊ लागल्या. वाचकहो, ही काटकसर साखरेत शोभते; ही गोळी घड्याळाच्या ठोक्यालाच घ्यायची.

१९८५ च्या कायद्याने मॉर्फिन दुर्मिळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना अनेक परवान्यांऐवजी एकच पुरू लागला. पण कोपऱ्यावरच्या दुकानात ते अजून मिळत नाही. भाच्याला कागदपत्रांसह शहरात धाडले. बजावले, “दुखणे वाढल्याचे सांग, तारखेच्या पुढे आठवडाभर पुरतील एवढ्या माग.”

आक्का विचारतात, “परतीची एस.टी. कितीला रे?”