हॅलिबटला जायचं, पण कोणाच्या बोटीतून?

मुलांनो, माझा भाचा सिअॅटलला राहतो. पाचवीत आहे. परवा त्याचा फोन आला. "आत्या, आम्ही जूनमध्ये अलास्काला चाललोय! मला माझ्यापेक्षा मोठा हॅलिबट पकडायचाय. बाबांनी तीन बंदरं काढलीत. कुठं जाऊ, सांग!"

आता मी कोकणातली खरी, पण मासे बाजारातून आणणारी! तरी दोन रात्री नकाशा पसरून बसले.

हॅलिबट म्हणजे आपल्या लेपाचा अवाढव्य भाऊबंद. चपटा, समुद्राच्या तळाशी पडून राहणारा. अगदी लहान असताना त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. मग वाढता वाढता डावा डोळा सरकत सरकत उजव्या बाजूला येतो. खोटं नाही हं!

गळाला लागलेल्या पॅसिफिक हॅलिबटचा विक्रम ४५९ पौंडांचा, म्हणजे सुमारे २०८ किलोंचा. तो १९९६ साली डच हार्बरला झाला. आमच्या स्वारीला अर्थातच तिथंच जायचं होतं! पण ते बंदर दूर अलूशियन बेटांत. धुकं पडलं, वारा सुटला की विमानं रखडतात. चार दिवसांच्या सुट्टीत ते कसं जमणार? दुसरं सिवर्ड. गाव सुरेख, पण मोठ्या माशासाठी तिथून बोट खाडीबाहेर, उघड्या समुद्रात लांब न्यावी लागते. आणि आमचे चिरंजीव आंबा घाटातसुद्धा पिशवी मागतात! राहिलं होमर. अँकरेजहून मोटारीनं साडेतीनशे किलोमीटर. समुद्रात सातेक किलोमीटर घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर बंदर. वारा असला तर जवळच उपसागरात आडोसाही मिळतो. मी होमरला मत दिलं.

तारीख मात्र कॅलेंडर बघून ठरवायला सांगितली. तिथं भरती-ओहोटीतला फरक वीस फुटांच्या वर जातो. उधाणाला पाणी इतकं ओढतं की किलोभर शिसंसुद्धा तळाशी ठरत नाही. म्हणून भांगाचे दिवस बरे. भूगोलात पाठ केलेली अष्टमी अशी कामी येते!

मग प्रश्न नावाड्याचा. दादानं फोटो पाठवले. बंदरावर टांगलेले मासे, शेजारी हसरी माणसं. मी म्हटलं, फोटो ठेव बाजूला. आधी विचार, तटरक्षक दलाचा परवाना आहे का? हॅलिबटसाठी वेगळा परवाना लागतो, तो आहे का? मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? हवा बिघडली तर परत फिरणार ना, आणि पैशांचं काय? यंदा किती मासे आणि केवढे ठेवता येतात? हे नियम दरवर्षी बदलतात. चटकन, न चिडता सांगेल तो चांगला.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फार मोठा मासा लागला तर तुम्ही काय करता? कारण शंभर पौंडांवरचे हॅलिबट बहुतेक सगळ्या माद्याच असतात. मादी अंडी घालायला लागते तीच साधारण बारा वर्षांची झाल्यावर, आणि मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. १९९०च्या दशकाच्या मानानं हे मासे आता बरेच कमी झालेत. शिवाय एवढं धूड जिवंत बोटीत घेतलं तर त्याच्या शेपटीच्या तडाख्यानं माणसाचा पाय मोडू शकतो. म्हणून पुष्कळ नावाडी तिला आधी गोळी घालतात, मगच वर ओढतात. काही जण मात्र पाण्यातच मोजून, फोटो काढून सोडून देतात.

हे ऐकून पलीकडं एकदम शांतता! गोळीचं त्याला माहीत नव्हतं.

काल पुन्हा फोन. दादानं दोन नावाड्यांना विचारलं म्हणे. एक म्हणाला, "तुमचा मासा, तुमची मर्जी." दुसरा म्हणाला, "खायला वीस पौंडी ठेवू. आजीबाईला सोडून देऊ." त्याचे पैसे थोडे जास्त आहेत. दादाचं अजून ठरत नाहीये.

भाच्याचं मात्र ठरलंय. एवढंच विचारत होता, "आत्या, सोडायच्या वेळी मला तिच्या पाठीला हात लावू देतील का गं?"