न उडालेलें विमान

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावीं, हा उपदेश आम्हां शिक्षकांच्या तोंडीं नित्य असतो. परंतु हल्लींचे विद्यार्थी चरित्र वाचण्यापेक्षां तें पडद्यावर पाहणें अधिक पसंत करितात, ही वस्तुस्थिति आहे. तिच्याविषयीं केवळ हळहळत बसण्यापेक्षां चांगला चरित्रपट कोणता व वाईट कोणता, याचा विवेक त्यांस शिकविणें हें आमच्या मतें अधिक शहाणपणाचें होय. या विवेकास उपयोगी पडेल असें एक उदाहरण घेऊन त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

तें उदाहरण ‘हवाईजादा’ या हिंदी बोलपटाचें. विभु पुरी यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट ३० जानेवारी २०१५ रोजीं प्रदर्शित झाला. विषय अस्सल मराठी. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं गिरगांव चौपाटीवर स्वतः बांधलेलें विमान आकाशांत सोडलें, अशी जी आख्यायिका आहे, तिच्यावर तो रचलेला आहे. आयुष्मान खुराना व मिथुन चक्रवर्ती यांच्यासारखे नामांकित नट, जुन्या मुंबईचे डोळे दिपविणारे देखावे, भरपूर गाणीं आणि वर स्वदेशाभिमानाची जोड. कशाचीही उणीव नव्हती. तरी लोकांनीं त्याकडे पाठ फिरविली, आणि झालेल्या खर्चाच्या मानानें तिकिटांचें उत्पन्न अगदींच अल्प झालें. असें कां व्हावें?

या प्रश्नाचें एक ठराविक उत्तर आहे. आपल्या लोकांस राजे, लढाया आणि प्रेमकथा हव्यात. यंत्रें घडविणारांच्या व कारखाने काढणारांच्या चरित्रांत त्यांस गोडी नाहीं, असें कित्येक म्हणतात. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. कारण तें खोटें ठरविणारा पुरावा आपल्या महाराष्ट्रांतच आहे.

तळपदे हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. त्याच कलाशाळेंत त्याच काळांत आणखी एक मराठी तरुण शिकत होता. त्याचें नांव धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. १९११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहतांना, आपल्या पुराणपुरुषांचीं चरित्रें अशींच पडद्यावर कां येऊं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत आला आणि त्यानें त्यांस झोप येऊं दिली नाहीं. १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन तंत्र शिकून आले, यंत्रसामग्री मिळविली, वाटाण्याचें रोप कसें वाढतें हें चित्रफितीवर टिपून भांडवलदारांस दाखविलें, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें ठेवला. हिंदी चित्रधंद्याचा पाया घालणाऱ्या या पुरुषाच्या खटपटीवर परेश मोकाशी यांनीं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी बोलपट काढला. तो २०१० च्या जानेवारींत महाराष्ट्रांत प्रदर्शित झाला. त्यापूर्वींच ऑस्कर पारितोषिकासाठीं भारताचा म्हणून त्याचीच निवड झाली होती. त्यांत नाच नाहीं, खलपुरुष नाहीं, डोळे दिपविणारें वैभव नाहीं. मग आहे तरी काय? काम आहे. घरांतील सामान एकेक करून विकलें जात आहे, सतत चित्रें पाहून पाहून फाळक्यांचे डोळे अधू होत आहेत, सरस्वतीबाई संसार संभाळून फितींच्या कामास हात लावीत आहेत, स्त्रीपात्र करावयास स्त्री मिळत नाहीं म्हणून साळुंके नांवाच्या पुरुषास तारामतीचें लुगडें नेसवावें लागत आहे. हें सर्व पाहतांना आम्ही हंसतों, आणि हंसतां हंसतां एक नवा धंदा कसा उभा राहतो हें आम्हांस उमगतें. हा बोलपट लोकांनीं आपुलकीनें पाहिला. तेव्हां शोधकाच्या चरित्रास प्रेक्षक मिळत नाहीं, हें म्हणणें टिकत नाहीं.

आतां ‘हवाईजादा’कडे वळूं. खरे तळपदे कसे होते? १८६४ सालीं मुंबईंत जन्मलेला हा पुरुष कलाशाळेंत शिकतां शिकतां आपल्या गुरूंच्या मुखांतून स्वामी दयानंदांच्या वेदभाष्याविषयीं ऐकतो. वेदांत विमानविद्या आहे, या कल्पनेनें तो भारला जातो. संस्कृताचा व्यासंग करितो. पदरमोड करून यंत्राच्या प्रतिकृति बांधूं लागतो. आणि १९०७ सालीं ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ या नांवाची पुस्तिकाही लिहितो. त्याचे सिद्धान्त चुकीचे असतील. पण त्याची तळमळ खोटी नव्हती. एका पारतंत्र्यांतील देशांत, हाताशीं ना प्रयोगशाळा ना सरकारी मदत अशा स्थितींत, केवळ जुन्या ग्रंथांच्या आधारें आकाशास हात घालूं पाहणारा हा मनुष्य नाटककारास मिळालेलें रत्नच नव्हे काय?

बोलपटानें हें रत्न बाजूस ठेवून काचेचे मणी ओंवले. पडद्यावरील शिवकर हा एक बेफिकीर प्रेमवीर आहे. सितारा नांवाच्या नर्तकीवर त्याचें प्रेम जडतें, आणि बोलपटाचा पुष्कळसा वेळ त्या प्रेमांत व गाण्यांत जातो. विमान कशाचें केलें, पंख किती लांब ठेवले, एक प्रतिकृति मोडल्यावर दुसरींत काय बदललें, पैसे कोठून आणले, यांपैकीं कांहींच प्रेक्षकाच्या हातीं नीट लागत नाहीं. गुरु म्हणून पंडित सुब्बराय शास्त्री हे एक वृद्ध गृहस्थ दाखविले आहेत. वस्तुतः ते तळपद्यांचे जवळजवळ समवयस्क होते. इंग्रज अंमलदार दुष्ट, नायक शूर, आणि सरतेशेवटीं उड्डाण! ज्यानें श्रम पाहिले नाहींत, त्यास यशाचा आनंद तरी कसा व्हावा? परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत उनाडक्या करणाऱ्या मुलाचा पहिला नंबर आला, असें सांगितलें तर आमच्या वर्गांतील मुलेंदेखील विश्वास ठेवणार नाहींत.

येथें दुसरा व अधिक गंभीर दोष पुढें येतो. तो सत्याचा. १८९५ सालीं चौपाटीवर विमान सुमारें पंधराशें फूट वर गेलें व मग खालीं आलें, त्यांत मनुष्य नव्हता, न्यायमूर्ति रानडे व महाराज सयाजीराव गायकवाड हे तेव्हां हजर होते, असें सांगण्यांत येतें. परंतु या गोष्टीची निर्विवाद अशी समकालीन नोंद इतिहासकारांपुढें आलेली नाहीं. सुब्बराय शास्त्री यांच्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं केली. तो ग्रंथ १९०४ च्या पूर्वींचा नव्हे, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. योगायोग असा कीं, हा बोलपट ज्या महिन्यांत निघाला त्याच महिन्यांत मुंबईस भरलेल्या १०२ व्या विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानांवर एक निबंध वाचला गेला आणि त्यावरून देशभर वाद माजला. म्हणजे लोकांच्या मनांत शंका जागी असतांनाच हें चित्र त्यांच्यापुढें आलें, आणि शंकेला उत्तर देण्याऐवजीं त्यानें गाणें म्हटलें.

कोणी विचारील, प्रेक्षक एवढे सत्यनिष्ठ केव्हांपासून झाले? चमत्कार तर त्यांस आवडतात! हा आक्षेप विचारार्ह आहे. आमचें नेवासें हें ज्ञानेश्वरीचें जन्मस्थान. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, तो ग्रंथ येथें पूर्ण झाला, आणि ज्या खांबास टेकून तो सांगितला असें मानितात तो ‘पैस’ खांब पाहावयास आजही दूरदूरचे लोक येतात. १९४० सालीं प्रभात कंपनीनें ‘संत ज्ञानेश्वर’ हा बोलपट काढला. त्यांत ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे नगरच्या एका ख्रिस्ती घराण्यांत जन्मलेले. त्या बोलपटांत भिंत चालते, आणि तरी महाराष्ट्रानें तो डोक्यावर घेतला. मग भिंत चाललेली खपते आणि विमान उडालेलें कां खपत नाहीं?

आमच्या मतें याचें उत्तर सरळ आहे. चालणारी भिंत ही श्रद्धेची कथा म्हणून सांगितली जाते आणि श्रद्धेची कथा म्हणूनच ऐकली जाते. प्रेक्षक ती मनांत घेऊनच चित्रगृहांत शिरतो. शिवाय त्या चरित्राचा भार भिंतीवर नाहीं; समाजानें वाळींत टाकलेल्या भावंडांच्या सोसण्यावर तो आहे. चमत्कार काढून टाकला तरी चरित्र उभें राहतें. विमानाची कथा मात्र खऱ्या पुरुषाच्या जीवनावर आधारलेली म्हणून लोकांपुढें ठेवली गेली, आणि तिचा सारा भार एका उड्डाणावर टाकला गेला. इतिहास म्हणून जो उभा राहतो, त्यानें साक्षीपुरावा दिलाच पाहिजे.

असा पुरावा अन्यत्र दिला गेला आहे. अमेरिकेंत सॅम्युअल लँग्ली यांनीं ६ मे १८९६ रोजीं मनुष्याविना उडणारें वाफेचें यंत्र पोटोमॅक नदीवर सोडलें. त्याचें छायाचित्र दूरध्वनीचे जनक ग्रॅहॅम बेल यांनीं स्वतः घेतलें. राइट बंधूंचें १७ डिसेंबर १९०३ चें पहिलें उड्डाण अवघें १२ सेकंद टिकलें व १२० फूट गेलें. पण त्यास पांच साक्षीदार होते आणि त्याचेंही छायाचित्र आहे. त्याच्या नऊच दिवस आधीं लँग्ली यांचें मनुष्यवाही यंत्र नदींत कोसळलें होतें. तें अपयश अमेरिकेनें लपविलें नाहीं. उलट लँग्ली यांच्या नांवानें तेथें वैमानिक संशोधनाचें मोठें केंद्र उभारलें. प्रामाणिक अपयशाचाही असा सन्मान होऊं शकतो.

मात्र केवळ कौशल्य असलें म्हणजे चरित्रपट तरतो, असेंही नव्हे. ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्यावरील डॅनी बॉयल यांचा बोलपट त्याच २०१५ सालीं निघाला. जाणत्या टीकाकारांनीं त्याची तोंड भरून स्तुति केली. न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथील चार चित्रगृहांत आरंभीं गर्दीही झाली. परंतु तो देशभर लागतांच मागणी ओसरली, आणि अवघ्या दोन आठवड्यांनंतर दोन हजारांहून अधिक चित्रगृहांतून तो उतरविण्यांत आला. त्यांत १९८४, १९८८ व १९९८ या सालीं नवें यंत्र लोकांपुढें मांडण्याच्या आधींच्या घटका दाखविल्या आहेत. भांडणें, टोमणे व चमकदार संवाद विपुल आहेत. त्याच्या अपयशास जाहिरातीपासून पुष्कळ कारणें असतील. तरी आमच्या दृष्टीनें एक कारण असें कीं, यंत्र घडतें तो कारखाना पडद्याआडच राहिला. एका बोलपटानें काम गाण्याखालीं झांकलें, दुसऱ्यानें तें संवादाखालीं झांकलें.

हा सर्व खटाटोप शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असें वाचकांस वाटेल. त्याचें कारण आमच्या वर्गांतच आहे. विमानाचा धडा चालू असतां, पहिलें विमान कोणीं उडविलें या प्रश्नास एखादा मुलगा अभिमानानें तळपद्यांचें नांव सांगतो. त्याला खोटा म्हणून खालीं बसवावें, तर आपल्या माणसाविषयींचें त्याचें प्रेम दुखावतें; शाबासकी द्यावी, तर उद्यां बाहेरच्या जगांत त्याला कोणी ‘पुरावा काय?’ असें विचारल्यावर तो उघडा पडतो, आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. आमच्या मतें शिक्षकानें दोन्ही टाळावीं. तळपद्यांनीं काय केलें असें आपण निश्चित जाणतों, आणि काय केलें असें केवळ सांगितलें जातें, या दोन गोष्टी फळ्यावर दोन रकान्यांत लिहाव्या व मुलांस विचार करूं द्यावा. पहिल्या रकान्यांत जें येईल तें थोडें असेल. पण तेवढ्यानेंही हा पुरुष आदरास पात्र ठरतो.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगा. पण तो अभिमान उसन्या पराक्रमावर उभारूं नका. आणि तुमच्यापैकीं कोणी पुढें लेखणी किंवा छायायंत्र हातीं घेईल, तर त्यानें तळपद्यांची कथा पुन्हां एकदां सांगावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. त्या कथेंत त्यांचें घर दाखवा, त्यांच्या पोथ्या दाखवा, मोडलेल्या प्रतिकृति दाखवा. विमान उडालें कीं नाहीं हें मात्र पुरावा जेवढें सांगूं देईल तेवढेंच सांगा. असा बोलपट निघाला, तर पदरचे पैसे खर्चून तिकीट काढणारांत आम्ही पहिले असूं.