पाटा कुणाचा, गाडी कुणाची?

दोस्तांनो, सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे गाव ठाऊक आहे ना? यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून मुलाच्या हौसेखातर चक्क एक छोटी जीप बनवली. मोटारसायकलसारखी किक मारली की सुरू! डिसेंबर २०२१ मध्ये तिचं देशभर कौतुक झालं. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळालीसुद्धा.

आता गंमत बघा. समजा, अशाच एखाद्या घरी बनवलेल्या गाडीचा पुढचा पाटा तुटला. दुकानदार विचारणार, "कुठल्या गाडीचा?" काय सांगाल?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी अमेरिकेतल्या विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. त्याही जोडलेल्याच गाड्या. पण सगळ्यांचे भाग एकाच मापाचे. गाडीचं नाव सांगितलं की काम झालं. घरच्या गाडीत मात्र पाटा एकीचा, चाक दुसरीचं, स्टिअरिंग तिसरीचं!

पाटा म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची चळत. सगळ्यांत लांब पट्टी, तिला लागून जरा आखूड, मग आणखी आखूड, अशा मध्यावर बोल्टने आवळलेल्या. खड्डा आला की त्या वाकतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या होतात. पण पुढच्या पाट्याकडे आणखी एक मोठं काम असतं. वळणारी चाकं ज्या आसावर असतात, तो आस तो जागच्या जागी धरून ठेवतो. पाटा तुटला की आस सरकतो. मग स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी भलतीकडे! कार्ले खिंडीच्या वळणावर असं झालं तर? घरी बनवलेल्या गाडीला कायदा सहजासहजी रस्त्यावर येऊ देत नाही, तो यासाठीच.

आपल्या अलिबाग-मुरूडकडे तर खारा वारा हा आणखी एक शत्रू. पट्ट्यांच्या फटींत ओल आणि मीठ साचून गंज चढतो. गंजाच्या बारीक खळग्यातून चीर सुरू होते. वरून रंग झकास, आतून पाटा पोखरलेला!

मग नवा शोधायचा कसा? पहिली गोष्ट, जुना पाटा फेकायचा नाही. तुटका असला तरी तोच आपला पत्ता! मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजायचं, कारण दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. मग रुंदी, प्रत्येक पट्टीची जाडी, पट्ट्या किती आणि टोकाचं भोक केवढं, हे सगळं चित्र काढून कागदावर लिहायचं. अलिबाग-पेणला तसा पाटा नाही मिळाला, तर पनवेलहून हार्बर लोकल पकडून कुर्ला गाठायचं. तिथल्या सी. एस. टी. रोडवर गाड्यांच्या जुन्या भागांची दुकानं आहेत. तिथे गाडीचं नाव नाही, आपला कागद बोलतो.

तुटका पाटा वेल्डिंगने सांधला तर? अजिबात नाही! लोहार कोयत्याला पाणी देतो ना, तसंच तापवून, थंड करून पाट्याच्या पोलादात बळ आणलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते जातं आणि पाटा तिथेच पुन्हा तुटतो. शिवाय पाटे जोडीने बदलायचे, बरं का! एक ताठ नवा आणि एक थकलेला जुना असला, तर गाडी एका बाजूला कलते.

आता तुमची सायकल बघा पाहू. दादाची जुनी, चाक बदललेलं, पेडल दुसरीचं? म्हणजे तीही जोडगाडीच की! एक वही करा. टायरच्या कडेवरचं माप, चेनच्या कड्या, चाकाच्या तारा मोजून लिहा. कुठला भाग कधी, कुठून आणला तेही लिहा. ब्रेक आणि पुढच्या चाकाचं पान सगळ्यांत आधी भरा हं! पुढच्या वेळी "कुठल्या सायकलचं?" असं कुणी विचारलं, की गोंधळायचं नाही. वही उघडायची!