पुस्तक भिशीत कुणाकुणाचा आवाज?

पैशांची भिशी आपल्याला नवी नाही. आता गावोगावी बायकांची ‘पुस्तक भिशी’ही चालते. दरमहा प्रत्येकीनं थोडे पैसे काढायचे, पुस्तक घ्यायचं, आळीपाळीनं वाचायचं आणि एकीच्या घरी चहा-पोह्यांबरोबर त्यावर बोलायचं. रीत छानच आहे! पण मैत्रिणींनो, भिशीच्या वहीतली वर्षभराची यादी एकदा काढून बघा. त्यातल्या किती लेखिका आपल्यासारख्याच घरातल्या आणि किती आपल्या उंबऱ्यापलीकडच्या?

वेगळं पुस्तक सुचवलं, की हमखास ऐकू येतं, “नको गं बाई, डोक्याला आधीच काय कमी ताप आहे?” पण अशा पुस्तकांत नुसतं रडगाणं असतं, हा आपला समज आहे. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घ्या. फलटणला दुकानात बसून, पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचता वाचता ही बाई लिहिती झाली. घरच्यांपासून वह्या लपवून ठेवल्या. पुढे ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यात अस्पृश्यतेचे चटके आहेत, तसे सणवार आणि गमतीजमतीही आहेत. सुनेचा छळ करणाऱ्या आपल्याच माणसांनाही त्यांनी सोडलेलं नाही. हे वाचताना कुठल्या सुनेला परकं वाटेल?

दुसरी तक्रार भाषेची. “बोलीभाषा कळत नाही.” मग बहिणाबाईंची खानदेशी बोली आपल्याला इतकी गोड कशी लागते? तिथं अडलेला शब्द आपण विचारून घेतो, इथं पुस्तकच मिटतो. असं का? एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. बोली कानातून लवकर कळते.

यादीत ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) हवं, नजूबाई गावित यांची आदिवासी जगण्यातून आलेली ‘तृष्णा’ हवी. मात्र वाचून “बिचारी!” म्हटलं, डोळे पुसले आणि विषय संपवला, असं नको. कामाला येणाऱ्या मावशींचा कप आपल्या घरात अजून वेगळा ठेवला जातो का, हा प्रश्न त्याच बैठकीत निघायला हवा. थोडी कुरबुर होईल, होऊ द्या. ज्या चर्चेत कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही, ती चर्चा कसली?

आणखी एक. पुस्तकातल्या बाईला आपण घरात घेतो, पण वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला, अंगणवाडीच्या ताईंना, मोहल्ल्यातल्या शबानाभाभींना भिशीत बोलावतो का? बोलावलं तरी दुपारी चारला कामावरच्या बाईनं यायचं कसं? कुणाच्या दिवाणखान्यात तिला मोकळं वाटेल, याचीही खात्री नाही. त्यापेक्षा गावातल्या वाचनालयाची खोली मागून घ्यावी, रविवारची संध्याकाळ ठरवावी, वर्गणी परवडेल एवढीच ठेवावी. आणि ती आली, की “तुमच्यात कसं असतं हो?” असं विचारून तिला समाजाची प्रतिनिधी करू नये. तिलाही कविता, रहस्यकथा, काहीही आवडू शकतं!

पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवताना एवढंच करा. आजवर जिला कुणी विचारलं नाही, तिला निवडू द्या.