एर्टिगा घेतली की लोक विचारतात, ‘टुरिस्टला लावणार का?’

माझ्या मामाने एर्टिगा घेतली. हार, पेढे, इन्स्टावर फोटो, सगळं रीतसर झालं. पंधरा दिवसांनी एका लग्नात हॉलबाहेर मामा एसी लावून गाडीत मामीची वाट बघत बसला होता. एका पाहुण्याने मागचं दार उघडलं, बॅग आत टाकली आणि म्हणाला, "चला, स्टँडवर सोडा." पांढरी गाडी, पांढरा शर्ट. हा किस्सा आमच्याकडे अजून सांगितला जातो आणि त्यावर सगळ्यात कमी मामा हसतो.

आता आकडा बघा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात एर्टिगाच्या सुमारे १ लाख ९० हजार गाड्या विकल्या गेल्या. देशात सर्वाधिक खपाच्या पहिल्या पाच गाड्यांमध्ये ती होती. तरीही ‘सात सीटर घ्यायची आहे’ असं कुणाला सांगून बघा. पहिला सल्ला येतो, "एर्टिगा नको रे, टॅक्सी वाटते."

हा शिक्का बसला कसा?

सुरुवात मारुतीच्या व्हॅनपासून. १९८४ मध्ये आलेली ही गाडी पुढे ओम्नी झाली. स्कूल व्हॅन तीच, ॲम्ब्युलन्स तीच आणि हिंदी सिनेमात हिरोच्या बहिणीला पळवून नेणारी गाडीही तीच. २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली, अपहरणाचे जोक चालूच आहेत.

मग २००० साली टोयोटाची क्वालिस आली. अष्टविनायक, शिर्डी, कॉल सेंटरची नाइट शिफ्ट, सगळीकडे क्वालिस. २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. २०१२ मध्ये आली एर्टिगा. किंमत आटोक्यात, सीएनजीचा पर्याय, सात माणसं. टुरिस्टवाल्यांनी ती उचलली नसती तरच नवल.

टुरिस्टवाला गाडी भावनेने घेत नाही. किलोमीटरला किती खर्च, सर्व्हिसिंग किती, विकताना किती येतील, हे बघून घेतो. म्हणजे पिवळी नंबरप्लेट हे खरं तर गाडीला मिळालेलं सर्टिफिकेट आहे. आपण त्याला डाग समजतो.

इनोव्हाही टॅक्सीत धावते, पण तिला कुणी नाक मुरडत नाही, कारण त्याच इनोव्हातून आमदार उतरतात. ती महाग आहे, त्यामुळे मालक आणि ड्रायव्हर यांच्यात गल्लत व्हायची शक्यता कमी. मला वाटतं, खरी गोम इथे आहे. गाडीचा आकार कुणाला खुपत नाही. आपल्याला कुणीतरी ड्रायव्हर समजेल, याची भीती आहे. मामाचं दुखणं तेच.

अमेरिकेतही मिनीव्हॅनची अशीच थट्टा झाली, पण तिथली लाज वेगळी. क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस तिथे मिनीव्हॅन आणली आणि घराघरांत ती पोहोचली. पुढे तिच्यावर ‘मुलांना फुटबॉलच्या प्रॅक्टिसला सोडणाऱ्या आईची गाडी’ असा शिक्का बसला आणि लोक एसयूव्हीकडे वळले. तिथे आई दिसण्याची लाज, इथे ड्रायव्हर दिसण्याची.

या लाजेची किंमत किती?

महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. महिंद्राने २०१८ मध्ये मराझो आणली, नाशिकच्या कारखान्यात बनणारी. लांबी ४५८५ मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २७६० मिलिमीटर. २०२१ मध्ये याच कंपनीची एक्सयूव्ही७०० आली, चाकणमध्ये बनणारी. लांबी ४६९५, व्हीलबेस २७५०. म्हणजे एसयूव्ही ११ सेंटिमीटर लांब, पण माणसं जिथे बसतात तो चाकांमधला भाग १ सेंटिमीटरने कमीच. बरीच लांबी नाकात, म्हणजे बॉनेटमध्ये जाते. रुबाब तिथूनच येतो.

पण एक्सयूव्हीसाठी वेटिंगच्या रांगा लागल्या आणि मराझो कधी चाललीच नाही. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला ४ स्टार होते, तरीही. सगळं खापर बदनामीवर फोडणं बरोबर नाही. मराझोमध्ये ना पेट्रोल इंजिन आलं, ना ऑटोमॅटिक गिअर. पण शोरूममध्ये आजींना तिसऱ्या रांगेत बसवून बघितलं असतं, तर काही घरांचा निर्णय बदलला असता.

कंपन्यांनी यावर सोपा उपाय शोधला: वेश बदला. एर्टिगालाच थोडं रुबाबदार नाक आणि सहा सीट देऊन २०१९ मध्ये एक्सएल६ आली, तीही मारुतीच्या महागड्या शोरूममधून. २०२२ ची इनोव्हा हायक्रॉस समोरून बघा, पक्की एसयूव्ही. आत शिरलात की तीच जुनी फॅमिली गाडी.

करातही हा नावाचा खेळ झाला. आधी ‘एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी’ गाडी असेल तरच २२ टक्के सेस लागायचा. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने नाव बाजूला ठेवून लांबी, इंजिन आणि जमिनीपासूनची उंची एवढंच बघायचं ठरवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर सेसच गेला. एर्टिगावरचा कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला आणि मोठ्या एसयूव्हींचा ५० वरून ४० वर. एर्टिगाकडे कराचा जो थोडा फायदा होता, तोही संपला.

या गडबडीत विचारायचा प्रश्न मात्र राहून जातो. जुलै २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या, भारतात बनलेल्या एर्टिगाची टेस्ट घेतली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला फक्त १ स्टार मिळाला. २०२५ मध्ये मारुतीने सगळ्या एर्टिगांमध्ये सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली. मामाने गाडी घेतली तेव्हा घरात रंगावर दोन दिवस चर्चा झाली. स्टारबद्दल कुणी, अगदी मीही, काही विचारलं नाही.

आणि डिकीचंही बघून घ्या. तिन्ही रांगा भरल्या की एर्टिगात २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन-तीन छोट्या बॅगा. सातही जण कोल्हापूरला निघालात तर टपावर कॅरिअर लावावं लागेल. मामाने तो अजून लावलेला नाही. म्हणतो, मग तर अगदीच टुरिस्ट गाडी दिसेल.